माती म्हणते पालाश भरपूर, पऱ्हाटी म्हणते उपाशी: हे पोटॅशचे जीन नेमकं करतात तरी काय?

पऱ्हाटीवाला | शनिवार, रात्री १०.१२

रामराम मंडळी. नोकरी नागपुरात, कॉम्प्युटरसमोर. पण हिंगण्याच्या पुढं आमची साडेचार एकर काळी जमीन आहे. शनिवार-रविवारी शेतकरी मी, बाकीचे पाच दिवस बाबा.

यंदा पऱ्हाटीनं (कपाशीनं) डोक्याला ताप दिला आहे. बोंडं धरायला लागली तशी पानं लाल पडली. काही झाडांवर तर शेंड्याकडची पानं कडेनं पिवळी, मग तपकिरी, शेवटी पापडासारखी कुरकुरीत. बोंडं सुपारीच्या पुढं जाईनात. माती परीक्षणाचा कागद काढून पाहिला. उपलब्ध पालाश (म्हणजे पोटॅश) हेक्टरी ४१२ किलो, शेरा "भरपूर". भरपूर आहे तर कशाला टाका, म्हणून आम्ही पोटॅश टाकलंच नव्हतं. युरिया मात्र दोनदा दिला.

आता खरी गंमत. पेरणीच्या वेळी एका कृषी केंद्रवाल्यानं (नाव लिहीत नाही, रोज तोंड पाहावं लागतं) बियाण्याची पाकिटं वाढीव पैसे घेऊन दिली. म्हणे यात "पोटॅशचा जीन" (जनुक) आहे, जमिनीतलं पोटॅश झाड आपोआप ओढतं. बाबांनी घेतली. परवा रिकामं पाकीट उलटंपालटं करून वाचलं तर त्यावर नेहमीचंच, बीजी-२ बीटी कापूस.

प्रश्न दोन. असा जीन खरंच असतो का? आणि मातीत पालाश भरपूर असताना झाड उपाशी कसं?

---

गुलाबी_अळी | शनिवार, रात्री १०.३१

पुढच्या वर्षी तो "कर्जमाफीचा जीन" पण आणेल. आताच बुकिंग करून ठेव भाऊ.

---

शेवाळकाका | रविवार, सकाळी ६.५०

पऱ्हाटीवाला, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा विचित्र आहे. असा जीन असतो, आणि तो तुमच्या पाकिटात होताही. फक्त तो शेजाऱ्याच्या पाकिटातही होता, देशी कापसात आहे, बांधावरच्या तरोट्यात आहे, कुंडीतल्या तुळशीतही आहे. पालाश आत घेतल्याशिवाय कुठलीच वनस्पती जगत नाही. केंद्रवाल्यानं तुम्हाला तुमचीच वस्तू विकली.

बाहेरून घातलेले जीन म्हणाल तर बीजी-२ मध्ये क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी, दोन्ही बोंडअळीसाठी. पहिला २००२ साली आपल्याकडे आला, दोन्ही मिळून २००६ साली. पालाशाशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

मी धरमपेठेत राहतो, आयुष्यभर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं. आता सकाळी महाराजबागेत फिरणं आणि इथं लिहिणं, एवढाच उद्योग. त्यामुळं जरा लांबेल, सहन करा.

मातीच्या ओलाव्यात पालाश फार पातळ असतो. मुळाच्या पेशीत तो त्याच्या शंभरपट, कधी हजारपट दाट. म्हणजे पाणी विहिरीच्या तळाला आणि टाकी गच्चीवर. आपोआप कसं चढेल? पेशीच्या भिंतीच्या आत एक पातळ पडदा असतो, आणि पडद्यात प्रथिनांची दारं. ही दारं कशी घडवायची याचा आराखडा म्हणजे तुमचे ते जीन.

दारं दोन तऱ्हेची, हे जीन सापडायच्या कितीतरी आधी कळलं होतं. १९६३ साली कॅलिफोर्नियात इमॅन्युएल एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्लीची मुळं वेगवेगळ्या दाटपणाच्या द्रावणात बुडवून मोजमाप केलं. पालाश अगदी कमी असताना मुळं एका रीतीनं ओढतात, मुबलक असताना दुसऱ्या रीतीनं. पण दार कोणी पाहिलं नव्हतं. ते सापडलं १९९२ साली, आणि ज्या युक्तीनं सापडलं ती मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगायचो.

यीस्ट घेतलं. होय, पाव फुगवणारं. त्याचे स्वतःचे पालाश ओढणारे दोन जीन काढून टाकले. आता ते साध्या खाण्यावर मरतं, पालाश ओतला तरच तगतं. मग मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या रोपट्याच्या जीनचे हजारो तुकडे त्या यीस्टमध्ये एकेक करून शिरवले आणि सगळ्यांना उपाशी ठेवलं. बहुतेक मेलं. काही ठिपके मात्र वाढले. वाढलेल्या यीस्टला जगवणारा जीन कोणता ते पाहिलं, बस. असे दोन मिळाले. एकेटी-१ मुळातला, केएटी-१ पानावरच्या रंध्रांच्या (बारीक छिद्रांच्या) रखवालदार पेशींतला.

नाश्त्याला हाक आली. उरलेलं नंतर.

---

काटोलची_संत्री | रविवार, सकाळी ९.०५

काका, भारी लिहून राहिले तुम्ही. मले एक सांगा. आमच्या संत्र्याचं झाड म्हणजे खाली जंबेरीचं खुंट, वर संत्र्याचा डोळा. मग पोटॅश ओढणारे जीन कोणाचे? जंबेरीचे का संत्र्याचे? आंबिया बहाराची फळं लहान राहिली की सगळे म्हणतात पोटॅश द्या, पण द्यायचं कोणाले?

---

शेवाळकाका | रविवार, सकाळी ११.४०

काटोलकर, हा प्रश्न परीक्षेत एकाही पोरानं विचारला नाही. जमिनीतून उचलायचं काम खुंटाच्या मुळांचं, म्हणजे तिथं जंबेरीचे जीन. पान कधी उघडायचं, फळात किती भरायचं, ते डोळ्याचं. मधल्या जोडावरून पालाश जातो तेव्हा त्याचा मालक बदलतो म्हणा ना. जीन बदलण्यावरून एवढा गहजब होतो, पण खुंट बदलून मुळांचा अख्खा जीनसंच बदलायचं काम तुमचे नर्सरीवाले पिढ्यान्‌पिढ्या करतात. खुंटाप्रमाणे पानातला पालाश कमी-जास्त होतो, तो यामुळंच.

आता पऱ्हाटीवाल्यांचा दुसरा प्रश्न.

मातीत पालाश बरा असेल तर एकेटी-१ हे दार पुरतं. ते निव्वळ भोक आहे, पण हुशार भोक. आतल्या बाजूला ऋण भार असतो, पालाशाचा कण धन भाराचा, म्हणून तो आत खेचला जातो. पालाश अगदीच कमी झाला की हॅक कुळातली दारं लागतात, त्यांतलं हॅक-५ महत्त्वाचं. ते बाहेरच्या हायड्रोजनच्या धन कणासोबत पालाशाला आत ओढून आणतं. बार्लीतला हॅक-१ सापडला १९९७ साली. रोप उपाशी पडलं की या जीनचं काम कित्येक पटींनी वाढतं. पोट भरलं की बंद.

आता नीट पाहा. दोन्ही दारांची ताकद कशावर आहे? तो ऋण भार टिकण्यावर. तो टिकवतो एक पंप, जो हायड्रोजनचे कण सतत बाहेर फेकत असतो. पंपाला इंधन लागतं. इंधनाला मुळांचा श्वास लागतो. मुळांजवळ हवा नसेल तर जीन कितीही उत्तम असोत, वीज गेलेल्या मोटारीसारखं सगळं थंड. उलट भार घसरला की बाहेर सोडणारी दारं उघडतात आणि पेशीत असलेला पालाशही गळायला लागतो.

म्हणून विचारतो. शेतात पाणी साचलं होतं का?

---

पऱ्हाटीवाला | रविवार, दुपारी १.१५

काका, साचलं होतं. खालच्या कोपऱ्यात चार-पाच दिवस. लाल पडलेली जास्तीत जास्त झाडं तिथलीच आहेत, पण सगळी नाहीत. वरच्या पट्ट्यातही आहेत.

---

मातीमोल | रविवार, दुपारी २.०२

त्या "भरपूर" शेऱ्याबद्दल बोलतो. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलेलं आहे, आता सोडलं. कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो काय मोजतो ते कुणी समजावत नाही. आपण मातीचा नमुना वाळवतो, कुटतो, चाळतो, अमोनियम अॅसिटेटमध्ये हलवतो. कणांना चिकटलेला सगळा पालाश त्यात सुटून येतो. शेतात ढेकूळ कोणी कुटत नाही. तिथं पालाशाला ओलाव्यातून सरकत सरकत मुळापर्यंत जावं लागतं, आणि तो सरकतो मुळाभोवतीच्या काही मिलिमीटरांतूनच. मूळ जिथं पोचलंच नाही तिथला पालाश झाडाच्या हिशोबात धरूच नका.

शिवाय आपली काळी माती. चिकणमातीचे थर वह्यांच्या पानांसारखे असतात, त्यांच्या फटींत पालाश अडकतो. आणि जमीन सुकून भेगाळली की सरकणंही थांबतं. बँकेत पैसे आहेत, पण एटीएम बंद.

कापसाची मुळी या कामात मुळातच ढिली. गव्हा-ज्वारीसारखं दाट मुळांचं जाळं तिला नसतं. त्यात बोंडअळी कमी म्हणून बीटीवर बोंडं एकदम लदबदून धरतात. सगळ्यांना एकाच वेळी पालाश हवा आणि नेमकं तेव्हाच मुळं दमलेली. म्हणून तुमची शेंड्याकडची पानं करपली. पुस्तकात लिहिलेलं असतं की पालाश कमी पडला तर खालची जुनी पानं आधी करपतात. कापसात बोंडं भरताना उलटं दिसतं, आणि लोक फसतात.

---

गुलाबी_अळी | रविवार, दुपारी २.२०

माझ्या नावानं उगाच बोंबलता. मी नसले की झाडाचं पोट बिघडतं, हे तज्ज्ञांनीच सांगितलं, धाग्यावर नोंद राहू द्या.

---

खारपाण | रविवार, सायंकाळी ५.४८

अकोल्याकडून लिहितो. तुम्हा नागपूरवाल्यांचं पालाशाचं रडणं ऐकून बरं वाटलं, आमच्याकडं रडायला सोडियम आहे. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही, जमीन चोपण, पाऊस पडला की गारा नि सुकली की फरशी. जिप्सम टाकून पाहिलं, फरक पडतो, पण खर्च निघत नाही.

एका मीटिंगमध्ये ऐकलं होतं की सोडियम अडवणारा भाताचा जीन सापडला आहे. त्याचा पालाशाशी काय संबंध?

---

शेवाळकाका | रविवार, रात्री ८.३०

संबंध भावकीचा आहे. सोडियम आणि पालाश, दोघांवर एकच धन भार, वागणंही सारखं. फरक आकाराचा, सोडियम लहान. आता तुम्हीच सांगा, दारातून मोठा जाऊ शकतो आणि लहान अडतो, हे कसं?

१९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांनी जिवाणूतल्या अशा एका दाराची रचना उलगडली, २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाण्यात हे कण एकटे नसतात, अंगाभोवती पाण्याच्या रेणूंचा अंगरखा असतो. दारातून जायचं तर अंगरखा उतरवावा लागतो. दाराच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू बरोबर अशा अंतरावर बसलेले असतात की पालाशाला अंगरखा उतरवला तरी अंगावर काहीतरी असल्याचं सुख मिळतं. सोडियम बारका, त्याच्या अंगाला ते अणू टेकतच नाहीत. मग तो कशाला अंगरखा उतरवेल? बाहेरच राहतो. कासाराकडं बायका हात पुढं करतात तेव्हा बांगडी मापाचीच लागते ना, तसं. आणि एवढी पारख करूनही या दारातून सेकंदाला कोटींच्या हिशोबात कण जातात. पिकांतल्या एकेटी-१ मध्येही ही जागा जवळजवळ तशीच आहे.

मीटिंगमध्ये ऐकलेला जीन एचकेटी कुळातला. हे कूळ पहिल्यांदा गव्हात सापडलं, १९९४ साली. नोना बोक्रा नावाचा खाऱ्या जमिनीत तग धरणारा भात आहे, त्यातून २००५ साली हा जीन वेगळा केला. तो सोडियम मुळाबाहेर अडवत नाही. मुळातून खोडाकडं वर चाललेल्या रसातून सोडियम परत बाजूला काढतो, म्हणजे पानापर्यंत पालाश पोचतो आणि सोडियम मागं राहतो. केरळच्या पोक्काली भाताचा खारटपणा सोसणारा भाग गुणसूत्र १ वर याच परिसरात आहे. गव्हातही तसंच. एका जुन्या, एकदाण्या गव्हाचा एचकेटी जीन नेहमीच्या संकरानं डुरम गव्हात आणला, तर खाऱ्या शेतात उत्पन्न सुमारे २५ टक्के वाढल्याचं २०१२ साली ऑस्ट्रेलियात दिसलं.

पण खारपाणभाऊ, तुमच्या चोपणावर हा तोडगा अर्धाच आहे. तुमच्याकडं सोडियमनं मातीचा पोतच मोडला आहे, मुळांना हवा नाही. हवा नाही तर काय होतं ते सकाळी लिहिलंच.

---

बीएस्सी_थर्ड_इयर | रविवार, रात्री ९.१०

सर, मी इथं नेहमी फक्त वाचते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. हॅक-५ उपाशी असतानाच चालू होतो ना? मग जीन एडिटिंग करून तो कायमचा चालू ठेवला तर? २०२५ मध्ये आपल्या देशात जीन संपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली, त्यात एक खार सोसणारं आहे असं वाचलं.

---

शेवाळकाका | रविवार, रात्री १०.०५

ताई, ते पुसा डीएसटी राईस-१. पण डीएसटी हा दाराचा जीन नाही. इतर जीनना हुकूम देणारा मुकादम आहे, रंध्रं किती, बंद कधी करायची असल्या बाबतीत लुडबूड करतो. त्याची लुडबूड कमी केली. पालाशाच्या दारांना थेट हात लावलेला नाही.

"कायमचा चालू" करण्याची कल्पना सगळ्यांनाच सुचते. अडचण अशी की दाराला कुलूप फक्त जीनच्या पातळीवर नसतं. एकेटी-१ बनून तयार असलं तरी लगेच उघडत नाही. पालाश कमी पडला की पेशीत कॅल्शियमचा इशारा जातो, तो सीबीएल-१ आणि सीबीएल-९ ही प्रथिनं ओळखतात, ती सीआयपीके-२३ या प्रथिनाला जागं करतात, आणि ते एकेटी-१ वर फॉस्फेटचा शिक्का मारतो तेव्हा दार उघडतं. हे २००६ साली कळलं. म्हणजे दार आहे, पण तलाठ्याची सही हवी! आणि नुसतं आत घेऊन भागत नाही. मुळातून वर जाणाऱ्या रसात पालाश सोडायला स्कोर नावाचं वेगळं दार, ते १९९८ साली सापडलं. साठवणीच्या कप्प्याला आणखी वेगळी. एका हॅक कुळात अरॅबिडॉप्सिसचे १३ जीन, भाताचे २७. आपल्या अमेरिकन कापसात दोन पूर्वजांची गुणसूत्रं एकत्र आली आहेत, ५२ गुणसूत्रं, म्हणून बहुतेक जीनची जोडी. एक बिघडवा, दुसरा सांभाळून घेतो. देशी कापूस २६ वाला, तो अभ्यासाला सोपा.

दार सतत उघडं ठेवण्यात धोकाही आहे. फुकुशिमाच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर जपानी भातात किरणोत्सारी सीझियम जाण्याची भीती होती. सीझियम पालाशाचा भाऊबंद, तो भातात हॅक-१ च्या दारानं शिरतो. २०१७ साली हा जीन एडिटिंगनं बंद पाडला तर भातात सीझियम जवळजवळ जाईना. दार मोठं करताना पाहुण्यांसोबत कोण शिरेल हे पाहावं लागतं.

अजून एक, पऱ्हाटीवाल्यांसाठी. हॅक दारांना अमोनियमची अडचण होते, एकेटी-१ ला फारशी नाही. युरियाचं आधी अमोनियम होतं. चांगल्या वाफशात ते लवकर नायट्रेट होऊन जातं, पण पाणी साचलेल्या कोपऱ्यात रेंगाळतं. नायट्रेट मात्र पालाशाचा चांगला सोबती, दोघं जोडीनं वर चढतात.

---

काटोलची_संत्री | रविवार, रात्री १०.२२

म्हणजे १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) मध्ये दोघं एकाच पुडीत, बरोबर? आम्ही नुसतं फवारून राहिलो इतके वर्ष, कायले चालते ते आज समजलं.

---

मातीमोल | रविवार, रात्री १०.४०

चालतं, पण पानातून जाऊन जाऊन जाणार किती? ती भूक भागवायची सोय, जेवण नाही.

आणि कापसात पालाशाचा सगळ्यात देखणा उपयोग कुणी सांगितलाच नाही, म्हणून मी सांगतो. रुईचा एक धागा म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी २५-३० मिलिमीटर लांब होते, ती आतून फुगवली म्हणून. फुगवतात पालाश, मॅलेट (एक सेंद्रिय आम्ल) आणि साखर, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तशी. फूल उमलल्यावर साधारण दहाव्या दिवसापासून काही दिवस ही पेशी शेजारच्या पेशींशी असलेल्या खिडक्या बंद करून घेते, आणि त्याच वेळी तिच्यातला पालाश ओढणारा जीन जोरात चालतो. आत दाब कोंडला जातो, धागा ताणला जातो. २००१ साली हे दाखवलं गेलं. त्या दिवसांत पालाश कमी पडला की धागा आखूड. कॉटन मार्केटला व्यापारी चिमटीत रुई ओढून तोंड वाकडं करतो ना, त्याचं मूळ त्या थोड्या दिवसांत असतं.

---

पऱ्हाटीवाला | पुढचा रविवार, सायंकाळी ६.३०

आज दिवसभर शेतात होतो, फावडं घेऊन. खालच्या कोपऱ्यातलं एक, वरच्या पट्ट्यातलं एक आणि बांधाजवळचं एक हिरवंगार, अशी तीन झाडं मुळासकट खणली.

कोपऱ्यातल्या झाडाची बारकी मुळं काळी, चिमटीत धरली की साल निसटून हातात येते, वास कुजका. वरच्या पट्ट्यातलं पाहून मी खाली बसलो. सोटमूळ सहा इंचांवर काटकोनात वळलं आहे, एल अक्षरासारखं. खाली थर इतका घट्ट की फावडं टणकन वाजलं. वर्षानुवर्षं रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरवतो आम्ही. बांधाजवळ ट्रॅक्टर पोचत नाही, तिथलं मूळ सरळ खाली, दीड फुटानंतर माझाच दम संपला.

त्या थराखालीही पालाश आरामात पडलेला असणार. मुळं मात्र सहा इंचांत फिरतायत.

पानंही आधी नीट पाहिली नव्हती, ती पाहिली. दोन तऱ्हा आहेत. काही पानं जुनी, शिरा हिरव्या आणि मधला भाग जांभळट लाल. काही शेंड्याकडची, कडेनं करपलेली. मी सगळ्याला मिळून लाल्या म्हणत होतो.

---

मातीमोल | पुढचा रविवार, सायंकाळी ७.०४

शिरा हिरव्या आणि मधे लाल, तो मॅग्नेशियमचा घोळ. मॅग्नेशियम सल्फेट पंपाला दीडशे ग्रॅम. कडेनं करपलेल्यांना १३:०:४५, तेही पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम, उन्हात नको. एकाच पंपात दोन्ही मिसळू नका, वेगवेगळे दिवस करा. थर फोडायचं काम आता नाही, उन्हाळ्यात.

आणि अर्धा पट्टा फवारू नका, तसाच सोडा. नाहीतर फरक कशानं पडला ते कळणारच नाही.

---

पऱ्हाटीवाला | पुढचा रविवार, रात्री ८.१५

सुतळी बांधून अर्धा पट्टा वेगळा केला आहे. बाबा म्हणाले, "एवढ्याशा जागेवर फवारा वाचवून काय सावकार होणार आहेस?" त्यांना मी एकेटी-१ समजावायला गेलो, तर म्हणाले, "माझी आजी चुलीतली राख वांग्याच्या बुडाशी टाकायची, ती कोणता जीन शिकली होती?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. राखेत पालाश असतो, एवढं खरं.

पानांचे देठ तपासायला द्यायचे आहेत. कुठलं पान घ्यायचं, आणि धुवून द्यायचं की तसंच?

---

शेवाळकाका | पुढचा रविवार, रात्री ८.५०

शेंड्याकडून मोजत या, पूर्ण वाढलेलं पहिलं पान घ्या, साधारण चौथं-पाचवं. चांगल्या आणि वाईट झाडांचे वेगवेगळे. फवारणीच्या आधीच तोडा, नंतर तोडलेत तर पानावरचंच पोटॅश मोजून घ्याल.

---

मातीमोल | पुढचा रविवार, रात्री ८.५८

झटकन धुवा, भिजत ठेवू नका. कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये नेलेत तर संध्याकाळपर्यंत भाजी होईल.